दिव्याखाली दिसलेला ‘ण’

ती घटना मला आजही आठवते ती एका अक्षरामुळे. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका अक्षरापायी कोठडीत गेलेला आणि त्याच अक्षरामुळे बाहेर आलेला माणूस मी एकदाच पाहिला. यातल्या कुणाचं नाव मी देणार नाही. एक आडनाव तेवढं द्यावं लागेल, कारण सगळा घोळ त्या आडनावाचाच आहे.

तेव्हा मी वसईतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आई-वडील दोघेही अंगठा लावायचे. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि त्याचा मला अभिमान आहे, तो मी कधी लपवला नाही. आमचे वरिष्ठ निरीक्षक, त्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, मला चारचौघांत ‘बी.एस्सी.’ अशीच हाक मारायचे. त्यात थट्टा असायची. मला मात्र ती हाक आवडायची.

उमेळ्याकडून स्टेशनकडे येणाऱ्या रस्त्यावर सकाळच्या वेळी एका पिकअप टेम्पोने स्कूटर उडवली. स्कूटरवर शिकवणी घेणाऱ्या एक बाई होत्या. पहिल्या बॅचची मुलं त्यांची वाट पाहत बसली होती. टेम्पो पुढे जाऊन थांबला, चालक उतरून मागे आला, बाईंकडे पाहिलं आणि परत गाडीत बसून निघून गेला. बाई दवाखान्यात वारल्या. लगेच आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून बाईंचा भाऊ आणि अर्धी सोसायटी ठाण्यासमोर येऊन उभी राहिली. पाहून निघून जाणाऱ्याला नुसत्या अपघाताच्या कलमावर सोडायचं नाही, असं मोठ्या साहेबांनी ठरवलं आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात कामाची एकच वस्तू मिळाली. टेम्पोच्या डाव्या दाराची काच फुटून रस्त्यावर सांडली होती आणि तिच्यात हाताच्या पंजाएवढा एक तुकडा अखंड राहिला होता. काचेचे दाणे एका धुरकट फिल्मला चिकटून राहिले होते म्हणून तो टिकला. ऊन लागू नये म्हणून लोक गाडीच्या काचेला आतून लावतात ती ही फिल्म. लावायला बंदी आहे, तरी लावतात. तो तुकडा पंचांसमक्ष सीलबंद करून मुद्देमालात जमा केला.

साक्षीदारही एकच. रस्त्याच्या कडेला सुकी मासळी घेऊन बसणारी एक म्हातारी, मिठागराकडच्या गावातली. तिचा जबाब आमच्या हवालदाराने घेतला. हवालदार साताऱ्याकडचा, अक्षर मोत्यासारखं, ठाण्यातले सगळे महत्त्वाचे जबाब तोच लिहायचा. म्हातारीच्या बोलीत गाडीची ‘गारी’ आणि पाण्याचं ‘पानी’ होतं. शिवाय प्रत्येकाच्या मागे ‘वाला’ लावायची तिला सवय. पाववाला, रिक्षावाला. आम्हा पोलिसांना ती ‘ठान्यावाले’ म्हणायची. हवालदाराने तिचं सगळं बोलणं नीट शुद्ध करून उतरवलं: ‘सदरची गाडी खान याची असून ती मी पूर्वीपासून ओळखते. चालक पाठमोरा असल्याने त्याचा चेहरा मला दिसला नाही.’ नंतर नियमाप्रमाणे जबाब तिला वाचून दाखवला. तिने मान डोलावली आणि अंगठा उमटवला.

मग खबऱ्यानेही बातमी आणली. सांडोरच्या वाड्यांमधली केळी बाजारात पोचवणारा एक खान आहे, त्याचा पांढरा पिकअप आहे आणि डाव्या दाराला काचेऐवजी पुठ्ठा लावलाय. आमची माणसं गेली. पुठ्ठा होता. दाराच्या रबरात धुरकट फिल्मची एक पट्टी अजून अडकलेली होती. मोठ्या साहेबांनी मोबाइलवर गाडीचा फोटो काढून म्हातारीला दाखवला. ती म्हणाली, “आसलीच व्हती.” खान संध्याकाळच्या आत कोठडीत.

विचारपूस माझ्याकडे आली. वसईतच जन्मलेला, चाळिशीचा माणूस, मराठी माझ्यापेक्षाही चांगलं. काच कशी फुटली विचारल्यावर त्याने सांगितलं, केळीला टेकू देतात ते बांबू गाडीत भरताना एक निसटला आणि काचेवर बसला. पाहणारं कोण? वाडीवाला. पण वाडीवाल्याचा माल हाच नेत होता, त्यामुळे त्याच्या साक्षीला मोठे साहेब किंमत देईनात. घटनेच्या वेळी कुठे होतास? एकटाच, गाडीत, बाजारातून परत येत होतो. म्हणजे सगळंच त्याच्या विरुद्ध.

रस्त्यावरच्या मासळीवाल्या मावशीने तुझं नाव घेतलंय, एवढं सांगून मी उठायला लागलो तेव्हा तो म्हणाला, “साहेब, एक विचारू? माझं आडनाव गाडीवर कुठं लिहिलंय?”

“का?”

“नाही, मागे पुढे फक्त नंबर आहे. त्या मावशींना मी ओळखत नाही, त्या मला ओळखत नाहीत. आमच्या घरात सुकट कुणी खात नाही, त्यामुळे त्यांच्याकडे कधी थांबलोही नाही. मग त्यांनी माझं आडनाव वाचलं कुठं?”

पोलिसाला आरोपी खूप काही ऐकवतात. रडतात, शपथा घेतात, मोठ्या लोकांची नावं सांगतात. ह्या माणसाने त्यातलं काही केलं नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला. बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. ती रोज यायची, कुणाशी बोलायची नाही, डबा देऊन रिकामा डबा मागायची. मी मनाशी पक्कं केलं, ह्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय दोषारोपपत्रावर माझी सही होणार नाही.

आता फिल्मचं सांगतो. हवालदाराने उत्साहाने शेजारच्या मेडिकलवाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये पडदे ओढले आणि पारदर्शक पिशवीतल्या दोन्ही तुकड्यांवर तो धरला. रस्त्यावरचा तुकडा आणि खानच्या गाडीतली पट्टी, दोन्ही सारखेच पांढरट निळे उजळले.

“बघा साहेब, जुळी भावंडं,” हवालदार म्हणाला.

मी म्हटलं, हा दिवा एकाच तऱ्हेच्या लहरी टाकतो. त्यात काय उजळतंय, प्लास्टिक की त्याच्या मागचा गोंद, हे आपल्याला कळत नाही. जगातल्या निम्म्या गोंदांना असाच उजेड येत असेल. दुसऱ्या लहरींवर तपासल्याशिवाय दोन्ही एक आहेत असं म्हणता येणार नाही.

मोठे साहेब म्हणाले, “अहो बी.एस्सी., दिवा लावून आरोपी सापडत नाही. तो सापडलाय, खाली बसलाय.”

“मग दिव्याने त्याचं काही बिघडणारही नाही साहेब. प्रयोगशाळेत पाठवू या.”

त्यांनी पेन काढलं आणि पत्रावर सही केली. एवढं त्यांचं मान्य करायला हवं. चिडायचे, पण कागद अडवायचे नाहीत.

मुद्देमाल टपालाने पाठवून अहवालाची वाट पाहत बसलो असतो तर खान तुरुंगात जाऊन जुना झाला असता. मी स्वतः सीलबंद पाकीट घेऊन न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत गेलो, आणि तिथल्या बाईंना कोठडीतल्या माणसाबद्दल सांगून तपासणी लवकर लावून घेतली. ह्या बाई तिथल्या वरिष्ठ तज्ज्ञ, बोलायला कडक. मी फिजिक्सवाला आहे कळल्यावर म्हणाल्या, मग उभे राहा आणि बघा, पण हात मागे.

त्यांनी आधी काचेचे दाणे सोडवले, मग द्रावणाने गोंद धुऊन काढला. उरली नुसती पॉलिस्टरची फिल्म. खोलीत अंधार केला. पहिल्यांदा सगळ्यात आखूड लहरींचा दिवा लावला. दोन्ही तुकडे फिकट जांभळे-निळे दिसले. बाई म्हणाल्या, “हा पॉलिस्टरचा जातिधर्म. कुठलंही पॉलिस्टर घ्या, ते ह्या प्रकाशात असंच दिसणार. ह्यावरून काही ठरत नाही.” मग त्यांनी दिवा बदलला, लहरी थोड्या लांब केल्या आणि आम्हा दोघांच्या डोळ्यांवर पिवळे चष्मे आले. खानची पट्टी जवळजवळ विझली. रस्त्यावरचा तुकडा मात्र शेवाळ्यासारखा निळसर हिरवा चमकायला लागला.

मी विचारलं, हा रंग कशाचा?

“उन्हाचा. पॉलिस्टर वर्षानुवर्षं उन्हात राहिलं की आतून बदलतं, आणि ह्या लहरींना असं उत्तर देतं. तुमचा रस्त्यावरचा तुकडा खूप जुना आहे. ही पट्टी नवी, फार तर गेल्या काही महिन्यांतली.”

म्हणजे जुळी भावंडं नव्हतीच. गोंद सारखा होता, त्याने आमचे डोळे फसवले होते. माझं काम झालं असं मला वाटलं. पण बाई अजून वाकून पाहत होत्या. त्या हिरव्या उजेडात एके ठिकाणी काळपट आकृती होती. एक उभी रेघ, एक वाकडं वळण, वर आडवी रेघ. मला वाटलं चरा असेल. बाईंनी चिमट्याने तुकडा उलटा केला.

“आपण आतल्या बाजूने बघत होतो,” त्या म्हणाल्या. “आता वाचा.”

मी वाचलं. आधी एक काना, मग ‘ण’, वर शिरोरेघ.

खुलासा साधा होता. काचेवर बाहेरून कधीतरी कापीव अक्षरं चिकटवलेली होती. जिथे अक्षर होतं तिथे मागच्या फिल्मवर ऊन कमी पडलं. पुढे अक्षरं खरवडून काढली, पण उन्हाने त्यांची सावली फिल्ममध्ये ठेवून दिली होती. साध्या डोळ्यांना काही नाही, मेडिकलवाल्याच्या दिव्यात काही नाही, आणि ह्या एका लहरीत अक्षर उभं. आठवीत असताना मी वडिलांना त्यांचं नाव लिहायला शिकवायचा प्रयत्न केला होता. त्यानंतर एका अक्षराकडे मी एवढं टक लावून पहिल्यांदाच पाहत होतो.

बाईंनी त्या अक्षराचा फोटो काढून दिला. तो घेऊन ठाण्यात येऊन सांगितलं तर मोठे साहेब पटकन म्हणाले, “कल्याण.” त्यांचं चुकत नव्हतं. काना आणि ‘ण’ म्हटलं की कल्याण आठवणारच, आणि तिकडून येणारे टेम्पो कमी नाहीत. “आणि ह्या खानने ती गाडी कुठून विकत घेतली, काच कधी बदलली, तुम्हाला काय माहीत? म्हातारीने नाव घेतलंय. ते कुठल्या लहरीने पुसणार?”

तिथे माझी गाडी अडली. खरंच होतं. फिल्म काहीही सांगो, जबाबात ‘खान’ होता. मी जबाब पुन्हा काढला आणि हवालदाराचं सुंदर अक्षर पाहत बसलो. खान. ख ला काना, आणि न. माझ्या खिशातल्या फोटोत काना, आणि ण.

मी टोपी घातली आणि हवालदाराला घेऊन सरळ उमेळ्याच्या रस्त्यावर गेलो.

म्हातारी पाटीवर बोंबील लावत बसली होती. मी तिच्या पुढ्यात उकिडवा बसलो.

“मावशी, त्या दिवशीची गाडी कुणाची म्हणालात?”

“कितींदा सांगू? खानवाल्याची गारी.”

“हा खान कोण?”

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. माझ्याकडे असं पाहिलं की शिकलासवरलास तो फुकट.

“कोन म्हंजे? खान काय मानूस हाय? खान. डोंगराची खान. दगर फोरतात ती.” तिने हात पूर्वेला, हायवेपलीकडच्या डोंगरांकडे केला. “आता बंद केलीन सरकारने. पन गारी त्याचीच. आदी काचंवर कायतरी लिवलेला व्हता, मना वाचता नाय येत. खानवाल्याची म्हनूनच सगली वलकतात.”

दगडाची खाण. तिच्या तोंडात ‘ण’ नाही, म्हणून खान. हवालदाराने ‘गारी’ची ‘गाडी’ केली, ‘खानवाला’मधला ‘वाला’ म्हातारीची सवय म्हणून काढून टाकला, आणि ‘खान’ तेवढा तसाच ठेवला, कारण तो शब्द त्याला शुद्धच वाटला. धडधाकट आडनाव होतं ते. आणि वाचून दाखवला तेव्हा म्हातारीने मान का डोलावली? कारण तिच्या कानाला तो बरोबरच होता. ती जे म्हणाली तेच तिने ऐकलं.

परत येताना हवालदार म्हणाला, “साहेब, मी तर शुद्ध लिहायला गेलो.” तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या गावी ‘ण’ असा खणखणीत उच्चारतात की तो गळून जाऊ शकतो हे त्याच्या ध्यानात येणं कठीण होतं.

पुढचं काम पोलिसांचं नेहमीचं. बंद पडलेली खाण शोधायला वेळ लागला नाही. तिच्या ऑफिसच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पांढरा पिकअप उभा होता. डाव्या दाराला कोरी करकरीत काच, फिल्मशिवाय. उजव्या दाराला जुनी, धुरकट फिल्म. पुढच्या डाव्या कोपऱ्यावर स्कूटरचा लाल रंग घासून बसलेला. पंच बोलावले, गाडी जप्त केली.

चालक पस्तिशीचा, आडदांड. गाडी महिनाभर हललीच नाही म्हणाला. मग डावी काच नवी का? दगड लागला. कुठे? आठवत नाही. मी त्याच्याशी वाद घातला नाही. उजवी काच प्रयोगशाळेत नेली, आणि बाईंनी त्याच लहरीखाली काढलेला फोटो घेऊन पुन्हा त्याच्यासमोर बसलो. फोटोत हिरव्या उजेडावर काळ्या अक्षरांत पूर्ण शब्द होता: दगडखाण. त्याच्या शेजारी मी रस्त्यावरच्या तुकड्याचा फोटो ठेवला. तोच काना, तोच ‘ण’, तेच वळण, तेवढीच उंची.

त्याने दोन्ही फोटो जवळ ओढले. “ही अक्षरं मीच ब्लेडने काढली होती,” तो म्हणाला. “खाण बंद झाली तेव्हा. नीट काढली होती.”

“मग आता बोल.”

तो बोलला. स्कूटरवरच्या बाई हात हलवत होत्या, हेही त्याने सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. बाईंच्या भावाला मी स्वतः घरी जाऊन सांगितलं, कारण कोर्टात पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा ते बरं. तो एवढंच म्हणाला, “खानला धरून आणलं तेव्हा ठाण्यासमोर मी त्याला शिव्या दिल्या होत्या.”

न्यायालयात अहवाल देऊन आम्ही खानला सोडवलं. सामान परत घेताना त्याने जबाब बघायला मागितला. तसा दाखवत नाहीत. मी तोंडी सांगितलं, न आणि ण. मोठे साहेबही तिथे उभे होते. खानने घड्याळ मनगटाला बांधलं, बायकोच्या हातातला डबा स्वतःकडे घेतला.

“आता गाडीवर आडनाव लिहूनच घेतो साहेब,” तो म्हणाला. “मोठ्या अक्षरात. म्हणजे पुढच्या वेळी निदान वाचून धराल.”

मोठे साहेब पुढे झाले आणि म्हणाले, “चूक आमची झाली.” एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. नंतर त्यांनी मला ‘बी.एस्सी.’ म्हणणं सोडलं नाही, पण त्यातली थट्टा गेली.

निवृत्तीनंतर मी विरारला मनवेलपाड्यात राहतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं अधूनमधून येतात, तपास कसा करायचा विचारतात. त्यांना वाटतं मी दिव्याची, लहरींची गोष्ट सांगेन. तीही सांगतो, अभिमानाने सांगतो, कारण दिवा बदलायचा हट्ट धरला नसता तर तो ‘ण’ फिल्ममध्येच राहिला असता. पण त्या ‘ण’ने मला फक्त रस्त्यावर परत पाठवलं. माणूस सुटला तो मासळीच्या पाटीपुढे बसून विचारलेल्या एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता. जबाब वाचून दाखवणं पुरेसं नाही, हे मी तिथे शिकलो. माणूस आपलंच बोलणं आपल्याच कानाने ऐकतो आणि हो म्हणतो. त्यामुळे त्यानंतर माझ्या हाताखाली जो कुणी जबाब लिहायचा, त्याला माझी एकच सक्ती असे. साक्षीदाराने कुणाचंही नाव घेतलं, कितीही सोपं, कितीही ओळखीचं वाटलं, तरी लेखणी उचलून धरायची आणि विचारायचं: खान म्हणजे कोण?